आठशे सत्तेचाळीस नग

जिन्याखालच्या सूचनाफलकावर लावलेल्या त्या पत्रकात एक शब्द नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. तो शब्द म्हणजे ‘अंदाजे’.

पत्रक किनारा संवर्धन कार्यालयाचं होतं. हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी उतरणाऱ्या चिखल्या पक्ष्यांची गणना करायची आहे, इच्छुक नागरिकांनी नावं द्यावीत, पक्ष्याची ओळख कार्यालयात करून दिली जाईल, वगैरे. आणि शेवटी लिहिलं होतं की नेमका आकडा देणं शक्य नसल्यास अंदाजे संख्या लिहिली तरी चालेल.

हे वाक्य तंतोतंतरावांनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यांना ते आपल्याला उद्देशूनच लिहिलंय असं वाटलं. तंतोतंतराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सरकारी कोठारात चौतीस वर्षं भांडारपाल म्हणून काढल्यावर ते त्यांना चिकटलं होतं. खुर्च्या, कंदील, घोंगड्या, ताडपत्र्या, बादल्या असं जे जे म्हणून मोजता येतं ते त्यांनी मोजलं होतं, आणि एक बादली इकडची तिकडे झाली नव्हती. अशा माणसासमोर ‘अंदाजे’ म्हणणं म्हणजे गवयासमोर साधारण सुरात गा म्हणण्यासारखं. ते तडक कार्यालयात गेले आणि नाव नोंदवून आले.

कार्यालयातल्या कारकूनबाईंनी त्यांना भिंतीवरचं चित्र दाखवलं. तळहातावर मावेल एवढा पक्षी. पाठ मातकट, पोट पांढरं, चोच आखूड आणि अंगाच्या मानाने डोळे चांगलेच मोठे.

“लांब चोचीचे पक्षी चिखलात चोच खुपसून चाचपडत बसतात,” बाई म्हणाल्या. “याचं तसं नाही. हा डोळ्यांनी शोधतो. चार पावलं पळतो, थबकतो, बघतो, टिपतो. अळ्या, किडे, बारीक खेकडे. ओहोटीला चिखल उघडा पडला की हा जेवायला बसलाच म्हणून समजा. मग भरती आली की काय होतं...”

“बाई,” तंतोतंतराव म्हणाले, “तो काय जेवतो आणि कधी जेवतो याच्याशी मला काही कर्तव्य नाही. मला फक्त नग मोजायचे आहेत.”

बाईंनी फॉर्म पुढे केला. भरती आली की काय होतं, ते बाईंच्या तोंडातच राहिलं.

गणनेच्या आदल्या संध्याकाळी इमारतीतला सल्ला घरबसल्या मिळू लागला. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आपली दुर्बीण दिली आणि ती कशी धरायची याचं प्रात्यक्षिक तासभर दिलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, की दुर्बीण दुय्यम आहे, मुख्य अडचण तंतोतंतरावांच्या टकलाची आहे. उन्हात ते चमकतं. पक्षी चमकणाऱ्या वस्तूला बिचकतात. त्यांनी शाळेत हा धडा सव्वीस वर्षं शिकवला होता.

“मग टोपी घालतो,” तंतोतंतराव म्हणाले.

“टोपीला कड असते. पक्ष्यांना कड दिसते.” हेडमास्तरांनी मान हलवली. “डोक्याला घट्ट बसेल असं मातकट काहीतरी हवं.”

घरात डोक्याला घट्ट बसेल असं मातकट एकच होतं, ते म्हणजे चहाच्या किटलीवर घालायचं विणलेलं आच्छादन. बायकोने ते निमूटपणे धुऊन वाळवून दिलं. किटलीच्या तोटीसाठी ठेवलेल्या भोकातून त्यांचा डावा कान बाहेर येत होता, पण हेडमास्तरांच्या मते कानाचा पक्ष्यांना त्रास नव्हता.

सकाळी सातला, पाणी अगदी खाली गेलेलं असताना, तंतोतंतराव किनाऱ्यावर पोचले. त्यांनी किनाऱ्याकडे कोठाराच्या नजरेने पाहिलं आणि त्याच्या चार मांडण्या पाडल्या. मांडणी क्रमांक एक, खालचा सपाट चिखल. दोन, मोडकी होडी. तीन, नाल्याचं तोंड. चार, दगडी बांध. कोठार मोजायची रीत सरळ असते. एक मांडणी मोजायची, वहीत लिहायची, तिच्याकडे पाठ करायची, पुढची मोजायची. चौतीस वर्षांत पहिल्या मांडणीवरची बादली उठून दुसऱ्या मांडणीवर जाऊन बसली, असं कधी झालं नव्हतं.

पहिल्या मांडणीवर दोनशे बारा नग भरले. शेरा: ‘दोषयुक्त नग एक. उजव्या पायाने लंगडा.’ तोवर पाणी चढून त्यांच्या घोट्याला लागलं, म्हणून ते होडीपाशी सरकले. पाण्याने त्यांना हाकललं तसं आणखी कुणाकुणाला हाकललं, हे पाहायला ते मागे वळले नाहीत. पाठ केलेल्या मांडणीकडे पुन्हा बघायचं नसतं. होडीपाशी दोनशे नऊ, त्यात लंगडा एक. नाल्याशी दोनशे चौदा, लंगडा एक.

नाल्यापाशी एक घटना घडली. ती तंतोतंतरावांनी वहीत लिहिली नाही, म्हणून इथे सांगणं भाग आहे. दुर्बीण डोळ्याला लावून चालता चालता त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला, आणि तो काढायला गेल्यावर दुसराही रुतला. जवळच शिंपलेवाली मावशी आपल्या बायकांबरोबर चिखल उकरत होती. ही मावशी आठवड्यातून दोनदा त्यांच्या दारात टोपली घेऊन यायची. तिने खुरपं बाजूला ठेवलं, टोपलीखालची फळी चिखलावर टाकली आणि साहेबांना बगलेत धरून वर ओढलं. साहेब आले, डावा बूट आला नाही.

“काही हरवलंय का साहेब?” तिने विचारलं. तिची नजर त्यांच्या डोक्यावरून कानाकडे आणि कानावरून पुन्हा डोक्याकडे गेली.

आपण सरकारी कामावर आहोत हे सांगायला तंतोतंतरावांना ती वेळ बरी वाटली नाही.

“फिरायला आलोय,” ते म्हणाले.

“मग वरच्या अंगाने फिरा. पाणी चढतंय. बघा, हे चिखल्येसुद्धा निघाले बांधाकडे. आता पाणी उतरेस्तोवर तिथेच उभे राहतील एका पायावर.”

“मावशी, तुम्ही तुमचं काम करा,” तंतोतंतराव म्हणाले, आणि एका बुटाने बांधाकडे गेले. तिथे दोनशे बारा नग वाऱ्याकडे तोंड करून उभे होते. लंगडा एक. एकूण आठशे सत्तेचाळीस. शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘चारही मांडण्यांवर मालाचं वाटप अत्यंत समतोल. दोषयुक्त नग एकूण चार.’

गेल्या वर्षीचा आकडा दोनशे सहा होता. किनारा अधिकारी खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

“चौपट!” ते म्हणाले. “म्हणजे इतकी वर्षं आमचे लोक आळस करत होते. आपण बसा. चहा घ्या.”

त्या खुर्चीला हात होते आणि पाठीला गादी होती. चौतीस वर्षांत तंतोतंतरावांना कुठल्याही अधिकाऱ्याने बसा म्हटलं नव्हतं, कारण भांडारपालाने उभं राहून मोजायचं असतं. ते बसले. चहा बशीतून आला. आठ दिवसांत प्रमाणपत्र आलं, इमारतीच्या सभेत हेडमास्तरांनी पाऊण तास भाषण केलं, त्यातली चाळीस मिनिटं किटलीच्या आच्छादनावर, आणि प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत बरोबर मधोमध लागलं. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला आ करायला लावून, त्याला बोलता येत नाही अशा अवस्थेत, दुर्बिणीची हकिकत सांगितली.

यानंतर तीन आठवडे शिंपलेवाली मावशी आली नाही. आली तेव्हा टोपली नव्हती.

“साहेब, एक अर्ज लिहून द्याल?” ती दारातच म्हणाली. “तुमचं अक्षर चांगलं आहे असं ताई सांगत होत्या.”

बायकोने तिला आत बसवून पाणी दिलं. मावशी नेमकी प्रमाणपत्राखाली बसली. तंतोतंतरावांनी कोरा कागद घेतला, समास आखला आणि मान डोलावली. अक्षराची तारीफ झाली की त्यांना कुठलाही अर्ज लिहायला आवडायचा.

मावशीने सांगितलं ते असं. किनाऱ्यावर कार्यालयाने दोरी बांधली होती. पाचशेच्या वर पक्षी भरले तर पट्टा संरक्षित होतो म्हणे, आणि पक्षी ओहोटीला खातात म्हणून ओहोटीला माणसाने तिथे पाय ठेवायचा नाही. शिंपले ओहोटीलाच काढता येतात. भरतीला वर दहा हात पाणी असतं. तिच्यासकट अकरा बायका हातावर हात ठेवून बसल्या होत्या. सध्या तात्पुरती बंदी होती, पुढच्या महिन्यात ती कायमची होणार होती.

“लिहा,” मावशी म्हणाली. “कुणा शहाण्याने आकडा फुगवून दिलाय.”

तंतोतंतरावांनी लिहिलं: ‘कोणा अज्ञात इसमाने फुगीर आकडा सादर केला आहे.’ लेखणी जरा अडखळली, पण भाषा निर्दोष होती.

“पक्षी दोनशेच आहेत. वीस वर्षं बघतेय मी. आम्ही उकरतो, ते आमच्या मागे टिपत येतात. पाणी चढलं की तेच पक्षी पुढे सरकतात. खालच्या चिखलावरून होडीपाशी, होडीपासून नाल्यावर, नाल्यावरून बांधावर. त्यात एक लंगडा आहे. तो सगळ्यात मागे असतो. लिहिलंत?”

तंतोतंतरावांनी लिहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर आपली वही उभी राहिली होती. दोषयुक्त नग एक. दोषयुक्त नग एक. दोषयुक्त नग एक. दोषयुक्त नग एक. चौघेही उजव्या पायाने लंगडे. चार वेगवेगळ्या पक्ष्यांचा उजवाच पाय कसा अधू, हा प्रश्न कोठारात एखाद्या शिपायानेही विचारला असता.

“लिहितो,” ते म्हणाले. त्यांचे कान तापले होते. मावशीच्या डोक्यावर ते प्रमाणपत्र, त्यात त्यांचं नाव वळणदार अक्षरात, आणि मावशीला फक्त मान वर करायचा अवकाश. तिला अक्षरं लावून लावून वाचता येत होतं. बायको आतून आली, तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “हे जरा पुसायला घेऊ का?” आणि उत्तराची वाट न पाहता प्रमाणपत्र काढून आत घेऊन गेली.

अर्ज उत्तम झाला. मावशी जाताना दोनदा म्हणाली, “उपकार झाले साहेब.” दार लागल्यावर बायको एवढंच म्हणाली, “आता?”

दुसऱ्या दिवशी तंतोतंतराव दुर्बीण, वही आणि आच्छादन घरी ठेवून दोरीबाहेर, बांधाच्या कडेला सकाळपासून दुपारपर्यंत बसले. या वेळी त्यांनी मोजलं नाही. चार पावलं पळणं, थबकणं, बघणं, टिपणं. पाणी एक वीत चढलं की सगळा थवा उठायचा, हवेत एक वळसा घ्यायचा, पोटं एकदम पांढरी दिसायची, आणि पुढच्या चिखलावर उतरून पुन्हा जेवायला लागायचा. सगळ्यात शेवटी लंगडा उतरायचा. एकच थवा आणि एकच लंगडा. बांधावर तो त्यांच्यापासून दहा हातांवर येऊन बसला, तेव्हा तंतोतंतरावांना त्याच्याकडेही वर मान करून बघवेना.

इथपर्यंत झाली ती चूक होती. चूक कुणाचीही होते. लाज वाटावी असं जे आहे, ते इथून पुढे.

त्यांनी ठरवलं की खरं सांगायचं, पण आपलं नाव न घेता. घरी येऊन त्यांनी डाव्या हाताने एक निनावी पत्र लिहिलं. ‘सदर गणनेत तेच पक्षी चार वेळा मोजले गेले असल्याचा दाट संशय आहे.’ पत्र टपालात टाकून ते हलक्या मनाने झोपले. चौथ्या दिवशी कार्यालयातून तातडीचं बोलावणं आलं.

“बसा, बसा,” अधिकारी म्हणाले. पुन्हा तीच गादीची खुर्ची, तोच चहा. “आपल्यावर कुणीतरी जळतंय. हे पाहा. निनावी पत्र. आणि हा त्या शिंपलेवाल्या बायकांचा अर्ज. दोन्हींत एकच खोटारडेपणा आहे. म्हणजे संगनमत दिसतंय.”

टेबलावर डावीकडे त्यांच्या डाव्या हाताचं पत्र होतं आणि उजवीकडे उजव्या हाताचा अर्ज.

“आपण तज्ज्ञ,” अधिकारी पुढे म्हणाले. “दोन ओळींत यांचं खंडन करा. मी ते जोडून पुढे पाठवतो.”

त्या क्षणी तंतोतंतरावांनी म्हणायला हवं होतं, की साहेब, तज्ज्ञ कसला, ते पत्र माझंच. ते वाक्य घशापर्यंत आलंसुद्धा. पण बशीतला चहा, पाठीची गादी, आणि कारकूनबाई दाराशी उभ्या राहून आदराने बघतायत. ते वाक्य त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळलं आणि लिहिलं. दोन नव्हे, सात ओळी लिहिल्या. ‘गणना मांडणीनिहाय व शास्त्रोक्त पद्धतीने केली असून आक्षेप घेणाऱ्यांस मोजणीचे ज्ञान दिसत नाही.’ अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. बाईंनी कागद उचलताना तीन कागदांकडे आळीपाळीने पाहिलं.

मावशीचा अर्ज त्या सात ओळींच्या आधारे फेटाळला गेला.

घरी हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. पण सल्ला तर हवा होता, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना ‘माझ्या एका ओळखीच्या गृहस्थाचं असं असं झालंय’ म्हणून सांगितलं. दोघांनाही गृहस्थ कोण हे पहिल्या वाक्यात कळलं.

“गप्प बसायला सांगा त्यांना,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या वर्षी दोनशे भरतील. लोक म्हणतील, पक्षी कमी झाले. पक्षी कमी झाल्याचं कुणालाच आश्चर्य वाटत नाही.”

“प्रश्न एकट्या गृहस्थांचा नाही, त्यांच्या इमारतीच्या अब्रूचा आहे,” हेडमास्तर म्हणाले. “दोष दुर्बिणीवर ढकलता येईल.”

“दुर्बिणीवर का? दुर्बीण माझी आहे!”

“गृहस्थांची आहे, डॉक्टर. आपण गृहस्थांबद्दल बोलतोय.”

यावरून दोघांची जी जुंपली, ती पुढे महिनाभर चालली, आणि इमारतीची पाण्याची टाकी धुवायची राहून गेली.

टाकी राहिली, पण जिना मात्र रोज लख्ख धुतला जाऊ लागला. जिना धुणारी नवी बाई म्हणजे शिंपलेवाली मावशी. दोरी बांधल्यापासून तिला दुसरं काम शोधणं भागच होतं, आणि तंतोतंतरावांच्या बायकोनेच तिची शिफारस केली होती. पहिल्या सकाळी तंतोतंतराव फिरून आले तर ती चौथ्या पायरीवर उकिडवी बसून फडकं पिळत होती.

“जपून साहेब, ओलं आहे,” ती म्हणाली.

तेव्हापासून तंतोतंतराव चपला खालीच काढून हातात घेऊन अनवाणी वर जायला लागले. तरी पायरीवर पावलं उमटायचीच. ती दिसली की मावशी पुसायची. अकरा दिवस हे चाललं. या अकरा दिवसांत त्यांनी दिवसातून चारदा बाहेर जाणं एकदावर आणलं. बायको बघत होती. शेवटी तिने जेवताना विचारलं, “तुम्ही तिच्या अर्जाला उत्तरही लिहिलंत ना?” कारकूनबाई भाजीबाजारात भेटल्या होत्या.

तंतोतंतरावांनी होकारार्थी मान हलवली. बायकोने ताट उचललं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिने आदळआपट केली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

बाराव्या दिवशी ते चपला हातात घेऊन चौथ्या पायरीपाशी थांबले.

“मावशी, तो शहाणा मी.”

“कोण शहाणा?”

“अर्जातला. आकडा फुगवणारा.”

मावशीचा हात बादलीतच राहिला. “त्या दिवशी तुम्ही फिरायला आला होतात,” ती सावकाश म्हणाली.

“मोजायला आलो होतो. सांगायची लाज वाटली.”

“आणि अर्जसुद्धा तुम्हीच लिहिलात.”

“हो.”

“आणि तो फेटाळला, ते?”

“त्यालाही मीच लिहून दिलं.”

मावशी मागे सरून ओल्या पायरीवरच बसली.

“म्हणजे तुम्हीच मोजलं, तुम्हीच तक्रार केलीत आणि तुम्हीच निकाल दिलात,” ती म्हणाली. “मग साहेब, मी कुठे होते यात?”

खाली डॉक्टरांचं दार उघडलं, डॉक्टरांनी वर पाहिलं, आणि दार पुन्हा हळूच लागलं. तंतोतंतराव अनवाणी पायांनी तिथेच उभे राहिले. मावशीने राहिलेल्या पायऱ्या धुतल्या.

“आता काय करायचं ते सांगा,” फडकं वाळत टाकून ती म्हणाली.

कार्यालयात विचारल्यावर कळलं, की आकडा वाढवायला साधा फॉर्म आहे, कमी करायला फॉर्मच नाही. अधिकाऱ्यांनी त्यांना या वेळी बसा म्हटलं नाही. शेवटी कारकूनबाईंनी नियमांचं पुस्तक चाळून एक कलम काढलं. मोजणाऱ्याने स्वतः जाहीर सुनावणीत गणना रद्द करून मागायची. त्या दिवशी किनाऱ्यावर प्रत्यक्ष हजर असलेल्या साक्षीदाराने काय पाहिलं ते सांगायचं. तो जबाब वाचून दाखवायचा, आणि मग सहा महिने बाहेरच्या फळ्यावर लावायचा. हे कलम आजवर कुणी वापरलं नव्हतं. कागदाला वाळवी लागलेली होती.

सुनावणी मंगळवारी अकराला होती. खोलीत वीसेक माणसं बसली होती. कुणी होडीच्या परवान्यासाठी, कुणी बांधाच्या दुरुस्तीसाठी. मागच्या बाकावर हेडमास्तर आणि डॉक्टर इमारतीच्या वतीने आले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. मावशीबरोबर तिच्या दहा बायका होत्या. तंतोतंतरावांची बायको त्यांच्यात जाऊन बसली.

“जबाब कोण लिहिणार?” कारकूनबाईंनी विचारलं. “मला अजून चौदा प्रकरणं आहेत.”

“यांचं अक्षर चांगलं आहे,” मावशी म्हणाली.

तंतोतंतरावांनी उभ्याउभ्या लेखणी घेतली. मावशी सांगत गेली, ते लिहीत गेले. साहेब चिखलात रुतले होते. डोक्यावर किटलीचं आच्छादन होतं. कान बाहेर होता. “कान लिहायलाच हवा का?” त्यांनी हळूच विचारलं. “पाहिलं ते सांगायचं म्हणाल्या बाई,” मावशी म्हणाली. त्यांनी कान लिहिला. मी त्यांना ओढून काढलं. मी म्हटलं, पाणी चढतंय, हे पक्षीसुद्धा बांधाकडे निघाले. ते म्हणाले, मावशी, तुम्ही तुमचं काम करा.

“नंतर मी माझं काम करू शकले नाही,” मावशी म्हणाली. “हेही लिहा.”

त्यांनी लिहिलं.

“चूक कशामुळे झाली, त्याचं कारण,” कारकूनबाईंनी फॉर्म पुढे सरकवला. “यातलं एक ठेवा, बाकीची खोडा. नजरचूक, उपकरणातील दोष, हवामान.”

“हवामान!” मागून हेडमास्तर कुजबुजले. “धुकं होतं! धुकं!”

तंतोतंतरावांनी तिन्ही खोडली. मग जरा वेळ कागदाकडे बघून खाली लिहिलं: ‘मोजणीत चूक झाली ती न पाहिल्यामुळे. ती लपवली व अर्ज खोटा ठरवला तो लाज वाटल्यामुळे.’

“वाचून दाखवा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. किटलीपाशी कुणीतरी फिसकन हसलं. कानापाशी सगळी खोली हसली. ‘काम करू शकले नाही’ इथे मात्र कुणी हसलं नाही. शेवटची दोन वाक्यं वाचताना त्यांचा आवाज इतका खाली गेला, की अधिकारी म्हणाले, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा वाचली.

“बरोबर आहे?” बाईंनी मावशीला विचारलं.

“बरोबर आहे.” तिने सावकाश सही केली. “आता दोरी कधी निघेल?”

अधिकारी काहीतरी प्रक्रियेबद्दल बोलायला लागले, पण बाईंनी पुस्तकावर बोट ठेवलं. “गणना रद्द झाली की बंदी रद्द. लगेच.”

“मग मी निघते,” मावशी बायकांना म्हणाली. “अजून दोन तास पाणी खाली आहे.” अकरा जणी उठल्या आणि खुरपी कनवटीला असल्यासारख्या घाईने बाहेर पडल्या. जाताना मावशीने तंतोतंतरावांकडे पाहिलं नाही.

बाईंनी त्यांच्या हातात कागद आणि चार टाचण्या दिल्या. “बाहेरच्या फळ्यावर.”

हेडमास्तर आणि डॉक्टर दोघंही धावत बाहेर आले आणि महिन्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. खालच्या कोपऱ्यात, होड्यांच्या जुन्या वेळापत्रकाच्या अर्धा मागे लावला तर नियमही पाळला जाईल आणि कुणाला दिसणारही नाही. तंतोतंतरावांनी कागद डोळ्यांच्या उंचीवर, मधोमध लावला, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारल्या आणि एक कोपरा वर वाटला म्हणून पुन्हा काढून सरळ केला. मग ते वळले, तर मागे परवान्यासाठी आलेले एक म्हातारे गृहस्थ डोळे बारीक करून उभे होते.

“काय लावलंय हो?” त्यांनी विचारलं. “मी चष्मा घरी विसरलो. जरा वाचून दाखवता का?”

तंतोतंतरावांची बायको कार्यालयाच्या जिन्याच्या कठड्याशी उभी राहून बघत होती. त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.